पाठमोरी खुर्ची

इंग्लंडच्या सीमेलगतच्या त्या वेल्श खाणगावात डॉक्टरांचा संप होता. हॉस्पिटलच्या गेटवर फलक धरून उभ्या असलेल्या डॉक्टर मिहीरला शेजारचे ग्लिन अंकल थर्मासमधला चहा देत होते. ते निवृत्त खाणकामगार. मिहीरला सायकल त्यांनीच शिकवली होती.

"चौऱ्याऐंशीच्या खाणसंपात माझा सख्खा भाऊ ह्यू संप मोडून कामावर गेला," ते म्हणाले. "मी त्याच्या फ्युनरललाही गेलो नाही."

तेवढ्यात वॉर्डातून फोन आला. आत माणसं कमी होती आणि एका बाईंना श्वास घेता येत नव्हता. मिहीरने फलक भिंतीला टेकवला.

"आत गेलास तर पुन्हा मला तोंड दाखवू नकोस," अंकल म्हणाले.

तो गेला. मागच्या दाराने ॲम्ब्युलन्समधून आणलेल्या त्या बाई म्हणजे अंकलची बायको, मेगन आंटी होत्या.

संध्याकाळी अंकल तिच्या उशाशी बसले होते. मिहीरला पाहून ते उठले.

"तू हिला वाचवलंस. ते मी विसरणार नाही," ते म्हणाले. "आणि गेट ओलांडलंस, तेही नाही."

मग त्यांनी खुर्ची फिरवली आणि त्याच्याकडे पाठ करून बसले.

मेगन आंटीने तोंडावरचा मास्क बाजूला केला. "ह्यूसुद्धा पाणी उपसायचे पंप चालू ठेवायलाच खाणीत उतरला होता, ग्लिन. खाण बुडाली असती, तर संप मिटल्यावर तू कुठे कामाला गेला असतास?"

 अंकलची खुर्ची फिरली नाही.