भांबूचा चेहरा

“डोकं अजून लहान कर,” साहेब म्हणाले.

चित्रकाराने खोडरबर उचललं. भांबू नावाच्या त्या शहामृगाचं डोकं आधीच लिंबाएवढं होतं. पण कार्टूनच्या त्या स्टुडिओत साहेबांचा कायदा चालायचा. हुशार हत्तीचं डोकं घमेल्याएवढं, मठ्ठ भांबूचं असून नसल्यासारखं. डोकं मोठं तर मेंदू मोठा, आणि मेंदू मोठा तर अक्कल मोठी! एकदाच चित्रकार धीर करून म्हणाला होता, “साहेब, कावळ्याचा मेंदू अंगठ्याच्या पेराएवढा, तरी तो भल्याभल्यांना गंडवतो.” साहेब म्हणाले, “कावळे आपली मालिका बघत नाहीत.” झालं, विषय संपला.

आज मात्र त्याचा हात चालेना. कोपऱ्यातल्या स्टुलावर त्याची लेक बसली होती, दप्तर मांडीवर घट्ट धरून. सकाळी शाळेच्या फाटकाशी तिने जी बैठक मारली ती मारलीच, आत जायलाच तयार होईना. आई कामावर गेलेली, मग करतो काय, घेऊन आला बिचारा. वर्गात बाईंनी काही विचारलं की पोरीला उत्तर द्यायला वेळ लागे, आणि तेवढ्यात मागच्या बाकावरून ओरडा सुटे, “भांबू! भांबू!” की सगळा वर्ग खो खो हसे. “बाबा, त्याला तुम्हीच काढता ना? मग बंद करा ना,” ती रोज म्हणायची. बंद करून खायचं काय? नोकरी सोडवत नव्हती आणि पोरीकडे बघवत नव्हतं. पुरता कोंडला होता तो.

त्यातून भांबूचं सगळं कौतुक त्याच्या चेहऱ्याचं. मान एका बाजूला कललेली, एक पापणी अर्धी मिटलेली, तोंड जरासं उघडं. स्टुडिओतला प्रत्येक जण टेबलावरच्या आरशात स्वतः वेडीवाकडी तोंडं करून चेहरे काढायचा. हा एकच चेहरा चित्रकाराने आरशाविना काढला होता. हाताला आपोआप आला, असं तो मोठ्या अभिमानाने सांगायचा.

शेवटी त्याने कसंबसं डोकं आणखी लहान केलं. “आता कसा अगदी ठार मठ्ठ दिसतो!” साहेब खूश झाले. “थांब, पोरांनाच विचारू. इकडे ये गं बाळ. सांग बघू, हा कसा आहे? बुद्दू ना?”

पोरगी टेबलाशी आली. ती चित्राकडे बघत राहिली, काही बोलेचना.

“हिला काही सुचत नाही वाटतं,” म्हणत साहेब हसले.

चित्रकाराने वर पाहिलं. लेकीची मान एका बाजूला कलली होती. एक पापणी अर्धी मिटली होती. अरे देवा! रोज जेवताना समोर बसणारा चेहरा, आणि आपण तो कुणाला नेऊन लावला!

“नाही काका,” ती शेवटी म्हणाली. “हा बुद्दू नाहीये. हा विचार करतोय.”