अस्सल फ्रेंच

कुवेतच्या फ्रेंच शाळेत क्षितिजाला घातलं ते उल्काच्याच हट्टाने. आता ती पहिलीतली पोर दिवसभर वर्गातल्या बाईंचा, म्हणजे मादामचा, जप करायची. मादाम अशी हसते, मादाम तसा रुमाल बांधते. आईला तर ती 'मामाँ' म्हणू लागली. मादामचं नाव निघालं की उल्काच्या हातची फोडणी करपलीच म्हणून समजा.

"अगं, शिकायलाच घातलंय ना तिला?" राजन नवऱ्याच्या अधिकाराने म्हणाला.

"शिकायला घातलंय. दत्तक नाही दिलेली!"

गुरुवारी, आठवड्याची शाळा सुटताना, मादामने उल्काला फाटकातच गाठलं.

"अभिनंदन! तुमची मुलगी आता रडतेसुद्धा फ्रेंचमध्ये."

उल्काचा चेहरा पडला.

"आज घसरगुंडीवरून पडली. आम्हा फ्रेंचांना लागलं की आम्ही 'आय!' ओरडतो. तीही अगदी तश्शीच ओरडली. उच्चार जरा लांबला, 'आई' झाला, आणि शेवटी एक 'गं' कुठून आला कोण जाणे. तेवढा पुढच्या आठवड्यात काढून टाकू."

"काही घाई नाही हो, मादाम," उल्का म्हणाली, आणि तिने त्या बाईला शुक्रवारी पुरणपोळीच्या जेवणाचं आमंत्रण देऊन टाकलं.