बल्गेरियाची पाहुणी

"मावशी, आणखी एकदा. नीट म्हणा, पाणी."

"पाणी," बेबीबाई म्हणाली. सकाळपासून हा शब्द म्हणून म्हणून तिच्या घशाला कोरड पडली होती. पाजलं मात्र कुणीच नव्हतं.

प्राध्यापक देविदास राठोड खूश झाले. शेकडो वर्षांपूर्वी इथून युरोपात गेलेले तुमचे रोमा लोकही पाण्याला पाणीच म्हणतात, म्हणजे तुम्ही आणि आम्ही बंजारा एकाच रक्ताचे, असं ते पाहुणीला इंग्रजीत समजावू लागले. पाहुणीनं नुसती मान हलवली.

पाहुणीचं नाव राडका असेनोवा. बल्गेरियातल्या रोमा वस्तीत जन्मलेली, तिथल्या सरकारात युरोपविषयक खातं सांभाळलेली, पुढं बल्गेरियाच्याच संसदेत निवडून गेलेली. सरांनी माईकवरून हे सगळं दोनदा सांगितलं होतं. बेबीबाईनं त्यातलं एकच धरून ठेवलं: बाई निवडून आलेली आहे. निवडून तर तीही आली होती. कळमनुरी तालुक्यातल्या या तांड्याची ती सरपंच होती. ओढ्यावर पूल नाही म्हणून मागच्या पावसाळ्यात तिच्या अवघडलेल्या सुनेला खाटेवर घालून पलीकडं न्यावं लागलं होतं. तुमच्या वस्तीसाठी तुम्ही सरकारशी कशा भांडलात, एवढंच तिला या बाईला विचारायचं होतं.

पण पाहुणीशेजारच्या खुर्चीवर हार घालून बसला होता बेबीबाईचा नवरा रामसिंग. ती स्वतः उन्हात, नाचणाऱ्या बायकांच्या रांगेत. रोज साडी नेसणाऱ्या बाईला आज सरांनी सासूचा आरशांचा जड घागरा घालायला लावला होता.

"चला, आता नाच!" सरांनी टाळी वाजवली. नगारा सुरू झाला.

"सर, मी सरपंच हाय. मला बाईसंगं ओढ्यावरच्या पुलाचं बोलायचं हाय."

"बोला की मावशी, नाच झाल्यावर."

"नाच झाला की तुमी जेवता, अन् जेवण झालं की गाडीत बसता. किती डाव बघावं आमी?"

"अहो, पाहुण्यांना संस्कृती बघायची असते. ओढे काय दाखवता त्यांना!"

बेबीबाईच्या मस्तकात तिडीक गेली. ती रांगेतून निघाली ती थेट रामसिंगपुढं जाऊन उभी राहिली.

"उठा."

रामसिंग उठला. जाताना गळ्यातला हारही त्यानं काढून तिच्या हातात दिला. ती खुर्चीत बसली. नगारा थांबला. सरांनी कपाळावर हात मारून घेतला.

हे काय चाललंय, म्हणून पाहुणी निलमकडं वाकली. निलम बेबीबाईची पुतणी, कॉलेजात इंग्रजी शिकवायची. तिनं झालं ते सगळं सांगितलं. पाहुणी हसली नाही. सरांकडं बघत राहिली. मग थकल्या आवाजात काहीतरी बोलली.

"काय म्हणून राहिली?" बेबीबाईनं विचारलं.

निलमनं एकदा सरांकडं पाहिलं.

"काकी, बाई म्हणतात, अर्धी उमर गेली तवा कुठं युरोपात त्यांना नाचायला सांगणं बंद झालं. अन् मागच्या महिन्यात आपल्या सरांचा मेल गेला, 'येताना घागरा घेऊन या. अन् तुम्हाला नाच येतो का?'"