हायपर आणि हायपो

लेकीचं लग्न महिन्यावर आलेलं असताना मुर्धा गावच्या सुलूला अंगणातच चक्कर आली. नवरा लवू तिला घेऊन सिल्व्हर पार्कच्या दवाखान्यात गेला. डॉक्टर हेमालीनं बीपी तपासलं. "काकू, हायपरटेन्शन आहे." आलाच आहे म्हणून लवूचंही तपासलं. "आणि काकांना हायपोटेन्शन."

"म्हंजे काय?" सुलूनं विचारलं.

"हायपर म्हणजे जास्त, हायपो म्हणजे कमी."

सुलूनं नवऱ्याकडे रोखून पाहिलं. "बगा! घरातला सगला टेन्शन मी घेतलाय, म्हनून यांच्या वाट्याला कमी आलाय."

"तसं नाही हो काकू. इथे टेन्शन म्हणजे रक्ताचा दाब, काळजी नव्हे."

पण सुलू तोवर उठली होती. घरी येताच तिनं मांडववाला, जेवणवाला, हळदीचा बँजो आणि रुसून बसलेली नणंद असं सगळं नवऱ्याच्या हवाली केलं. स्वतः वेळेवर गोळी घेऊन दुपारी पंख्याखाली झोपायला लागली.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात दोघं पुन्हा तपासायला आली. डॉक्टर खूश झाली. "काकू, तुमचं खाली आलं. काका, तुमचं वर चढलं. दोघांचं एकदम नॉर्मल!"

सुलू हसत बाहेर गेली. लवू मात्र खुर्चीतून हलेना. खिशात बँजोवाल्याचा फोन वाजतच होता. दार नीट लागल्याचं बघून तो हळूच म्हणाला, "डॉक्टर, माजा तो हायपोच बरा व्हता. परत न्हाय का मिलनार?"