मनात कोरलेली किल्ली

किल्लीवाल्याने टेबलावरची किल्ली तीन सेकंद पाहिली, तिच्यावर वाटी पालथी घातली आणि डोळे मिटून घेतले.

"सांगा," बायको म्हणाली.

"पाच दात. पहिला बुटका, दुसरा उंच, तिसरा..." तिसरा दात पुसला गेला. पाठोपाठ सगळी किल्लीच गेली. तो चिडून उठला आणि खोलीत येरझाऱ्या घालू लागला.

चाळीस वर्षं तो किल्ल्या बनवत होता, पण नमुना समोर ठेवून. नमुना डोळ्यांआड झाला की डोक्यात मिट्ट काळोख. आता मात्र हवी होती ती किल्ली कुणी त्याच्या हातात देणार नव्हतं. ती चार क्षण दिसली तर दिसणार होती.

किल्ली जावयाची होती. एकुलत्या एका मुलीने दोन वर्षांपूर्वी परस्पर लग्न केलं, ते पुन्हा माहेराचं तोंड पाहिलं नाही. जावयाने दोनदा घर बदललं, पत्ता कुणाला दिला नाही. किल्लीवाल्याने तरीही तो हुडकून काढला. जाऊन पाहतो तर दाराला बाहेरून भलं थोरलं कुलूप.

"रोज लावून जातो," शेजारीण म्हणाली. "पण आत भांडी वाजतात हो!"

त्याने दाराबाहेरून हाक मारली. आतली भांडी थांबली, उत्तर आलं नाही. पोरीला साधी ओ द्यायचीही चोरी! तो तडक पोलीस चौकीत गेला. त्यांनी मुलीला फोन लावला, ती म्हणाली, मी मजेत आहे.

"धाकाने बोलली असणार," तो घरी येऊन म्हणाला. बायको भाजी निवडत राहिली.

कुलूप तारेने उघडायला पाव तास लागला असता आणि त्या जिन्यावर सारखी ये-जा. घरच्या माणसासारखी किल्ली लावायची आणि आत शिरायचं, एवढाच मार्ग होता.

त्याच्या टपरीवर येणाऱ्या एका चित्रकला मास्तरांनी त्याला युक्ती सांगितली. "एकदम सगळं गिळायला बघू नका. कडेवरून बोट फिरवावं तशी नजर फिरवा. मग मनातल्या मनात वस्तू उलटी करून पाहा. पुसली गेली तर घाबरू नका, पुन्हा पहिल्या दातापासून निघा."

त्याने चमच्यापासून सुरुवात केली. मग कात्री, मग किल्ल्या. चित्र आधी तीन सेकंद टिकायचं, मग दहा, मग मिनिटभर. जेवताना घास हातात धरून तो डोळे मिटायचा. रस्त्यात ओळखीच्यांना ओलांडून जायचा. जीव थाऱ्यावर नव्हता. तिकडे पोर कुलपात आणि इकडे आपण चमचे बघत बसलोय, या विचाराने त्याला घरात बसवत नसे.

त्यात बायकोची तऱ्हा वेगळीच. चित्र जरा स्थिर झालं की नेमकी तिच्या हातून पळी पडायची, ताट निसटायचं, नाहीतर मीठ संपल्याचं तिला तेव्हाच आठवायचं.

"धांदरट कुठली!" तो खेकसायचा. पण त्याचा फायदाच झाला. महिनाभरात ताट पडो की पातेलं, मनातली किल्ली जागची हलेना.

एका सकाळी त्याने चपला चढवल्या.

"तिला तिथंच राहू द्या ना," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"बापाचं काळीज तुला नाही कळायचं." तो बाहेर पडला, दाराला कुलूप घातलं, ओढून पाहिलं आणि निघाला.

जावई औषधांच्या दुकानात कामाला होता. सासऱ्याला पाहताच त्याचा चेहरा उतरला.

"मामा, ती तुम्हाला भेटणार नाही. कृपा करून येत जाऊ नका."

"एकदा, पाच मिनिटं."

"नाही म्हटलं ना."

जावयाला घाम फुटला होता. चोराच्या मनात चांदणं, किल्लीवाल्याला वाटलं. पण त्याची नजर जावयाकडे नव्हतीच. काउंटरवर, गोळ्यांच्या पाकिटांशेजारी किल्ल्यांचा जुडगा पडला होता. त्या जातीच्या कुलपाची किल्ली त्याने झोपेतही ओळखली असती. पहिला दात. दुसरा. खाच. पाचव्यापर्यंत नजर पोचली आणि जावयाने जुडगा उचलून खिशात टाकला.

किल्लीवाला वळला. टपरीपर्यंत तो कुणाशी बोलला नाही, बोललं तर सांडेल अशी भीती होती. कोरी किल्ली त्याने पकडीत बसवली, डोळे मिटले, उघडले, कानस चालवली. पुन्हा मिटले. तासाभरात किल्ली तयार झाली.

दुपारी जावई कामावर असतानाच तो जिना चढला. किल्ली आत गेली, पण फिरेना. त्याने डोळे मिटले आणि मनातली किल्ली सावकाश उलटी केली. चौथा दात! केसभर उंच राहिला होता. खिशातल्या कानशीचे दोन हात, आणि कुलूप निमूट उघडलं.

त्याचे डोळे भरून आले. उभ्या जन्मात कुठल्या कुलपाने त्याला इतका आनंद दिला नव्हता. त्याने दार ढकललं.

मुलगी समोरच्या भिंतीपाशी उभी होती. बरी होती, अंगाने भरली होती. हातात फोन होता.

"चल बाळा," तो म्हणाला. "बाप आलाय तुझा. आता कुणाला भ्यायचं नाही."

ती भिंतीला आणखी चिकटली. बापावरची नजर न हलवता तिने फोन कानाला लावला.

"लवकर ये," ती नवऱ्याला म्हणाली. "बाबा आत आलेत. घर रिकामं वाटावं म्हणून मी तुला रोज बाहेरून कुलूप घालायला सांगते ना, तेसुद्धा उघडलं त्यांनी."