फुली

बाळ मघापासून पाठ फिरवून बसलं होतं. “आत्तापासूनच मामीशी कट्टी?” म्हणत डॉक्टर वहिनीने नणंदेला कुशीवर वळवून पाहिलं, कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारायला लावल्या. नणंदेचं पहिलं बाळ हाती लागलं नव्हतं. हृदयातून निघणाऱ्या त्याच्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या चुकीच्या जागी जोडलेल्या होत्या आणि सोनोग्राफीत ते कुणालाच दिसलं नव्हतं. आज त्या दोन्ही बघितल्याशिवाय वहिनी उठणार नव्हती.

एकदाचं बाळ वळलं. वहिनीने पोटावरचा प्रोब जरासा तिरका केला. एक रक्तवाहिनी दिसली, मग दुसरी.

“फुली!” ती ओरडलीच.

नणंदेने वहिनीचं मनगट धरलं. ती शाळेत शिकवायची. फुली म्हणजे चूक. “पुन्हा तेच का, वहिनी?”

“अगं वेडे, दोघी एकमेकींना ओलांडून जातायत! निरोगी हृदयात अशीच फुली असते. पहिल्या बाळाच्या वेळी दोघी शेजारी शेजारी धावत होत्या.”

नणंद पडल्या पडल्या हसत सुटली.

“पोट हलवू नकोस गं,” डोळे पुसत वहिनी म्हणाली, “मला अजून एकदा बघू दे.”