एकच फरक

विधवेचा हात लागला की लोणचं नासतं, म्हणून भावजयीनं छबूबाईंना एकोणीस वर्षं बरणीला शिवू दिलं नव्हतं. भाची रंभा पिंपरीच्या औषधांच्या नव्या कारखान्यात लागली, तिथं एक जुना प्रयोग ऐकून आली: मटणाच्या दोन बरण्या, एक झाकलेली, एक उघडी, अळ्या उघडीतच पडल्या. “आत्या, फरक एकच ठेवायचा, बाकी समदं सारखं.” त्याच कैऱ्या, तेच तेल-मीठ, एक बरणी भावजयीनं भरली, दुसरी छबूबाईंनी. भावजयीच्या बरणीला रंभानं खालून गुपचूप कुंकू लावलं. महिन्यानं झाकणं उघडली. दोन्हींत बुरशी नव्हती. तरी भावजयीनं चाखून एक बरणी जवळ ओढली. “ही माझी. फरक हाय, वन्सं.” रंभानं तीच बरणी उचलून बूड दाखवलं. कुंकू नव्हतं. छबूबाईंनी कुणाला न विचारता बरणीत हात घातला.